कनू, कयाक आणि ऑलिंपिकची विभागणी : एक चिकित्सा

विभागातील अनुवादाच्या वर्गात गेल्या सत्रात विद्यार्थ्यांना एक क्रीडावृत्त मराठीत आणावयास दिले होते. विषय होता २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कनू आणि कयाक यांच्या शर्यती. बहुतेक उत्तरपत्रिकांत या दोन्ही नावांसाठी ‘होडी’ हा एकच शब्द आला होता. काहींनी सबंध क्रीडाप्रकारालाच ‘नौकानयन’ म्हणून टाकले होते. आणि एका विद्यार्थिनीने जुनी निकालपत्रके पाहून समासात खुलासा केला होता की, ‘कनू म्हणजे केवळ पुरुष चालवितात ती होडी’. या खुलाशावर मी प्रथम लाल रेघ ओढली. नंतर ती मागे घ्यावी लागली. कारण १९३६ पासून २०१६ पर्यंतची ऑलिंपिकची निकालपत्रके जो कोणी वाचील, त्याला कनूच्या शर्यतीत एकही स्त्री आढळणार नाही. विद्यार्थिनीने व्याख्या चुकीची केली नव्हती. तिच्यापुढे जी संहिता होती तिच्यातील व्याख्याच तिने प्रामाणिकपणे उतरवून दिली होती.

या प्रसंगावरून सुचलेला विचार पुढे मांडला आहे. क्रीडेची चिकित्सा साहित्याच्या अभ्यासकाने का करावी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याला माझे उत्तर इतकेच की, ऑलिंपिकचे कार्यक्रमपत्रक हीदेखील एक संहिता आहे. तिच्यात वर्गवारी आहे, नामकरण आहे, समावेश आहे आणि वगळणेही आहे. संहितेचे संपादन ज्यांनी केले त्यांच्या मनातील गृहीतके शोधून काढणे हे आपले नेहमीचेच काम आहे. येथे हस्तलिखिताच्या जागी होडी आहे, एवढाच फरक.

प्रथम वस्तुस्थिती स्पष्ट करावी लागेल, कारण आपल्याकडे या विषयात फार गोंधळ आहे. ‘नौकानयन’ या भारदस्त शब्दाखाली मराठी वृत्तपत्रे निदान तीन निराळे खेळ एकत्र कोंबतात. नाशिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ हे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ज्या शर्यतीत उतरले ती रोइंगची. तीत नाविक पाठमोरा बसतो, त्याची वल्ही नावेच्या काठाला अडकविलेली असतात आणि आपण जेथे जावयाचे ते त्याला दिसत नाही. शिडाच्या नौकांची शर्यत हा दुसरा प्रकार. तिसरा प्रकार आपल्या विषयाचा. येथे नाविकाचे तोंड गंतव्याकडे असते आणि वल्हे कोठेही अडकविलेले नसते. ते केवळ त्याच्या हातांत असते. या तिसऱ्या प्रकारात पुन्हा दोन पोटभेद आहेत. कयाकमध्ये नाविक पाय पुढे पसरून बसतो आणि दोन्ही टोकांस पाते असलेल्या दुपाती वल्ह्याने आळीपाळीने दोन्ही बाजूंचे पाणी मागे सारतो. होडीला सुकाणू असते आणि ते पायांनी हलविता येते. कनूमध्ये तो एका गुडघ्यावर टेकून, दुसरा पाय पुढे रोवून उभ्यासारखा राहतो आणि एकपाती वल्हे एकाच बाजूस चालवितो. सुकाणू नाही. एकाच बाजूने रेटा दिल्यावर होडी विरुद्ध बाजूस वळणार हे उघड आहे. ती सरळ ठेवण्याचे काम प्रत्येक फटकाऱ्याच्या अखेरीस वल्ह्याच्या पात्याला दिलेल्या बाहेरच्या मुरडीने साधावे लागते. एका माणसाची कयाक आणि एका माणसाची कनू या दोघींचीही शर्यतीतील कमाल लांबी ५.२० मीटर. पण पहिलीत सममिती आहे आणि दुसरीत असममितीतून काढलेली सरळ रेषा आहे. माझ्या मते कनूचे सारे सौंदर्य या दुसऱ्या गोष्टीत आहे, आणि तिच्या नशिबी आलेला सारा वादही त्याच गोष्टीवरून झाला.

एक गोष्ट जाता जाता. मराठीत ‘कॅनो’ असे लिहिण्याचा प्रघात पडला आहे. मूळ उच्चाराशी ‘कनू’ हे अधिक जवळ आहे, म्हणून मी ते वापरले आहे. पण या शब्दाच्या बाबतीत ‘मूळ’ म्हणजे काय हाच प्रश्न आहे.

‘कनू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून कोलंबसाच्या काळात स्पॅनिशमध्ये ‘कानोआ’ या रूपाने आला. तेथे त्याचा अर्थ होता एका झाडाचे खोड कोरून केलेली होडी. आपल्याकडील ‘डोंगा’ या शब्दाच्या जवळपासचा हा अर्थ. पुढे युरोपीय लोकांनी हाच शब्द उत्तर अमेरिकेतील जंगलांत नेला आणि तेथील अल्गोंक्वियन भाषा बोलणाऱ्या लोकांच्या अगदी निराळ्या होडीला लावला. ही होडी कोरलेली नव्हती. बर्च वृक्षाची साल लाकडी सांगाड्यावर ताणून, ती स्प्रूसच्या मुळ्यांच्या तंतूंनी शिवून आणि सांध्यांवर डिंक लावून ती केलेली असे. म्हणजे उष्ण कटिबंधातील एका शब्दाने शीत कटिबंधातील एका वस्तूची जागा व्यापली, आणि त्या वस्तूची स्वतःची नावे जगाच्या कानांवर आलीच नाहीत. ‘कयाक’ या शब्दाचे भाग्य थोडे बरे. तो आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांचा आहे आणि त्याच वस्तूसाठी आहे. लाकडाच्या, बहुधा वाहत आलेल्या ओंडक्यांच्या, सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली, वरून झाकलेली, एका शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाची होडी. अंगाच्या मापाची हे शब्दशः खरे आहे. बांधणारा वीत, मूठ आणि हात यांनी आपल्याच शरीरावरून तिची मापे घेई.

या दोन वस्तूंची गल्लत आपल्या विद्यार्थ्यांनी प्रथम केली असे नाही. ती इंग्रजांनी केली. जॉन मॅकग्रेगर या वकिलाने १८६५ साली ‘रॉब रॉय’ नावाची एक होडी बांधून घेतली, तीतून युरोपच्या नद्यांवर प्रवास केला आणि १८६६ साली त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. पुस्तक अफाट खपले. त्याच वर्षी लंडनमध्ये पुढे ‘रॉयल कनू क्लब’ म्हणून प्रसिद्ध झालेली संस्था निघाली. मॅकग्रेगरची होडी वरून झाकलेली होती आणि तो तिच्यात बसून दुपाती वल्हे चालवीत असे. म्हणजे ती जातीने कयाक होती. पुस्तकाच्या नावात मात्र तिला त्याने ‘कनू’ म्हटले. तेव्हापासून इंग्रजीत ‘कनू’ हा शब्द कधी एका जातीचा आणि कधी दोन्ही जातींचा वाचक होऊन बसला. आपल्या शास्त्रकारांच्या भाषेत बोलावयाचे तर लक्षणाला अतिव्याप्तीचा दोष लागला, आणि तो दोष आजच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नावातही शिल्लक आहे : कनू आणि कयाक या दोहोंचे नियमन करणारी संस्था स्वतःला केवळ ‘कनू’ महासंघ म्हणविते.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतींचे प्रात्यक्षिक झाले. पदकांसह प्रवेश मिळाला तो १९३६ साली, बर्लिनजवळील ग्रुनाऊ येथे. नऊ शर्यती होत्या, सर्व पुरुषांच्या. कार्यक्रमपत्रकात कयाकला ‘के’ आणि कनूला ‘सी’ हे अक्षर देण्यात आले. हे ‘सी’ अक्षर कनूचे नव्हे; ते ‘कॅनेडियन’ या शब्दाचे. जर्मनांनी ही होडी ‘कानाडियर’ या नावानेच ओळखली. अल्गोंक्वियनांची होडी ताइनोंच्या शब्दाने ओळखली गेली आणि शेवटी एका आधुनिक राष्ट्राच्या आद्याक्षराखाली नोंदली गेली. एका माणसाच्या कनूची १००० मीटरची शर्यत कॅनडाच्याच फ्रँक अमिऑट याने जिंकली, आणि त्या ऑलिंपिकमधील कॅनडाचे ते एकमेव सुवर्णपदक होते. अक्षर सार्थ झाले असे तेव्हा कोणास वाटले असल्यास नवल नाही.

१९३६ च्या पत्रकातील एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. त्यात घडीच्या कयाकच्या १०००० मीटरच्या दोन शर्यती होत्या. घडीची कयाक म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेले रबरी कापड. सुटी करून पिशवीत घालावी आणि आगगाडीने नदीवर न्यावी. जर्मन मध्यमवर्गाच्या रविवारच्या सहलींची ती होडी. एकट्याची शर्यत ऑस्ट्रियाच्या ग्रेगोर ह्राडेट्स्की याने जिंकली. आता गंमत अशी की, ऑलिंपिकमध्ये आलेल्या सर्व कयाकांत इन्युइट बांधणीचे तत्त्व, म्हणजे सांगाडा व त्यावरील ताणलेली त्वचा हे तत्त्व, सांभाळणारी हीच एक होती. आणि तीच एकदा येऊन कायमची गेली. पुढे लाकडी पातळ फळ्यांच्या, मग काचतंतूंच्या आणि आज कार्बनतंतूंच्या होड्या आल्या. नाव कयाकच राहिले.

वस्तू बदलली तरी आकार जपण्याची धडपड मात्र दीर्घकाळ चालली. होडी फारच निमुळती होऊन तिचे ‘होडीपण’ जाऊ नये म्हणून किमान रुंदीचा नियम होता : एकट्याच्या कयाकला ५१ सेंटिमीटर, एकट्याच्या कनूला ७५. बांधणाऱ्यांनी नियम पाळला आणि त्याचा हेतू बुडविला. होडीची जास्तीत जास्त रुंदी त्यांनी पाण्याच्या रेषेच्या वर आणि नाविकाच्या पाठीमागे नेऊन ठेवली. तेथे तिचा पाण्याशी संबंधच येत नसे. वरून पाहता होडी पतंगाच्या आकाराची दिसे. पाण्यात मात्र ती सुरीसारखी अरुंद. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकनंतर हा नियमच रद्द झाला, तेव्हा ते शोभेचे पंख गळून पडले. छंदःशास्त्राचा नियम अक्षरशः पाळून त्यातील लय मारणारे कवी आपण पाहिले आहेत. येथे तोच न्याय उलट्या दिशेने दिसतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. १९४८ साली लंडन ऑलिंपिकच्या वेळी हेन्ली येथे स्त्रियांना प्रथम प्रवेश मिळाला. शर्यत एकच : एकटीची कयाक, ५०० मीटर. डेन्मार्कची कारेन हॉफ विजयी झाली. १९६० साली दोघींची आणि १९८४ साली चौघींची कयाक आली. या मार्गाने कयाकमध्ये स्त्रियांनी केवढी मजल मारली याचे उदाहरण बिर्गिट फिशर हे होय. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकपासून २००४ च्या अथेन्सपर्यंत तिने आठ सुवर्णपदके मिळविली. पुरुषांतील ज्या गेर्ट फ्रेड्रिक्सनची स्वीडनला एवढी थोरवी वाटते त्याची सुवर्णपदके सहा. परंतु या आठ सुवर्णपदकांच्या धनिणीला त्या चोवीस वर्षांत ऑलिंपिकच्या कनूत गुडघा टेकण्याची परवानगी नव्हती. १९७२ साली आउग्सबुर्ग येथे खळाळत्या पाण्यातील स्लॅलम शर्यती आल्या, तेथेही विभागणी हीच राहिली : पुरुषांना कनू व कयाक, स्त्रियांना केवळ कयाक.

या विभागणीचे समर्थन कोणी केले आणि कसे? एक समर्थन शरीराचे होते. एका गुडघ्यावर टेकून एकाच बाजूने वल्हविल्याने स्त्रीच्या शरीरास, विशेषतः तिच्या गर्भधारणेच्या शक्तीस, अपाय होतो असे आम्हांस सांगण्यात येई, अशी साक्ष अनेक कनूपटू स्त्रियांनी दिली आहे. दुसरे समर्थन असे की, हा प्रकार तंत्राने फार अवघड आहे. तिसरे असे की, तो खेळणाऱ्या स्त्रियाच पुरेशा देशांत नाहीत. यांपैकी पहिल्याला पुरावा नव्हता. एकांगी श्रमाने पाठीचा कणा वाकतो ही भीती खरी मानली तर ती पुरुषाच्या कण्यालाही लागू पडते, आणि तेथे ती कोणी बोलून दाखविली नाही. दुसरे समर्थन तर समर्थनच नव्हे; अवघड गोष्टीसाठीच शर्यती ठेवतात. तिसरे अधिक सावध आणि म्हणून अधिक फसवे आहे. ऑलिंपिकमध्ये शर्यत नाही म्हणून देशोदेशीच्या संघटना स्त्रियांना कनू देत नाहीत. कनू मिळत नाही म्हणून खेळाडू तयार होत नाहीत. आणि खेळाडू नाहीत म्हणून ऑलिंपिकमध्ये शर्यत नाही. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. हे वर्तुळ बाहेरूनच कोठेतरी तोडावे लागते, आणि ते तुटले ते जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेत, पॉझ्नान येथे २०१० साली. स्त्रियांच्या एकटीच्या कनूची २०० मीटरची शर्यत त्या वर्षी प्रथम अधिकृतपणे झाली.

परंतु माझा आक्षेप केवळ अन्यायाच्या बाजूने नाही. तो अर्थाच्या बाजूनेही आहे. या होड्या ज्या समाजांतून आल्या त्यांच्याकडे पाहिले, तर ऑलिंपिकने केलेली स्त्री-पुरुष विभागणी उलटी बसते. ग्रीनलंडच्या परंपरेत कयाक हे शिकारी पुरुषाचे वाहन होते. स्त्रिया वल्हवीत ती ‘उमियाक’ नावाची मोठी, उघडी होडी. डॅनिश लोकांनी तिला ‘स्त्रियांची होडी’ असेच नाव दिले होते. याउलट बर्चच्या सालीच्या कनूत स्त्रियांचा वाटा पहिल्यापासून होता. साल शिवण्याचे आणि सांध्यांवर डिंक भरण्याचे काम पुष्कळदा त्यांचे. पाण्यातील तांदूळ गोळा करावयास, सरपण आणावयास, मुलाबाळांसह मुक्काम हलवावयास त्या कनू चालवीत. म्हणजे ज्या होडीची परंपरा अधिकतर पुरुषांची, तीच ऑलिंपिकने १९४८ साली स्त्रियांना दिली. आणि जी होडी स्त्रिया पिढ्यानुपिढ्या शिवीत आणि चालवीत आल्या, तीच त्यांना अनैसर्गिक ठरविली.

उगम हे प्रमाण नव्हे, असे येथे कोणी म्हणेल. बरोबर आहे. होडी कोणी प्रथम बांधली यावरून ती पुढे कोणी चालवावी हे ठरत नाही, आणि तसे ठरू लागले तर युरोपातील पुरुषांनाही दोन्ही होड्या परत कराव्या लागतील. पण ज्यांनी निसर्ग आणि परंपरा यांचा हवाला देऊन दार लावून घेतले, त्यांना निसर्ग आणि परंपरा काय सांगतात हे दाखविणे भाग आहे.

मग कनू पुरुषी कशी झाली? माझ्या मते याचे उत्तर जंगलात नसून चित्रात आणि कथांत आहे. केसाळ कातड्यांच्या व्यापारात मोठ्या कनू वल्हवीत नेणारे फ्रेंचभाषी हमाल-नाविक, ज्यांना ‘व्हॉयाजर’ म्हणत, त्यांची एक वीरप्रतिमा एकोणिसाव्या शतकात तयार झाली. कॅनडातील क्लबांनी पुढे शर्यतीची कनू आणि एका गुडघ्यावरची ढब घडविली तेव्हा त्यांच्या मनापुढे हीच प्रतिमा असावी. फ्रान्सेस अ‍ॅन हॉपकिन्स या चित्रकर्तीचे १८६९ चे एक प्रसिद्ध तैलचित्र आहे : धबधब्याजवळून जाणारी कनू आणि तिच्यातील वल्हवणारे व्हॉयाजर. त्या पुरुषांच्या मध्यभागी टोपी घातलेली एक स्त्री बसलेली आहे. ती स्वतः हॉपकिन्सच. हडसन्स बे कंपनीच्या एका अधिकाऱ्याची पत्नी म्हणून तिने असे प्रवास केले होते. चित्र काढणारी स्त्री, चित्रातही स्त्री, आणि तरी वल्हे तिच्या हातात नाही. ऑलिंपिकच्या विभागणीचे पूर्वचित्र यापेक्षा चांगले कोठे मिळेल असे वाटत नाही.

परंतु त्याच देशाच्या साहित्यात याला उत्तरही लिहिले गेले होते. ई. पॉलिन जॉन्सन ही मोहॉक पित्याची आणि इंग्रज मातेची मुलगी. टेकाहिऑनवाके या नावानेही ती लिहीत असे. तिची ‘द साँग माय पॅडल सिंग्ज’ ही कविता १८९२ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे कॅनडातील शाळकरी मुलांच्या पिढ्यांनी ती पाठ केली. कवितेतील ‘मी’ वाऱ्याची आळवणी करतो, वारा येत नाही, मग शीड उतरवून वल्हे हाती घेतले जाते आणि कनू खडकाळ, फेसाळ पाण्यातून पार होते. जॉन्सन स्वतः कनू चालविण्यात पटाईत होती. आता या कवितेतील ‘मी’ स्त्री की पुरुष, हे कोठेही सांगितलेले नाही. शाळकरी वाचकाला ते बहुधा जाणवलेही नसेल. समीक्षकाला मात्र जाणवावयास हवे, कारण कवितेतील वल्हे कोणाच्या हातात आहे हे वाचक जसे ठरवील तसा तिचा स्वर बदलतो. पुरुष कल्पिला तर ती वनविहाराची एक रम्य कविता आहे. कवयित्रीचाच आवाज ऐकला तर, वारा आला नाही तरी माझे मी पाहून घेईन, हा तिचा गाभा होतो. आणि मग १८९२ साली लिहिलेल्या या गोष्टीसाठी ऑलिंपिकला २०२१ साल का उजाडावे लागले, हा प्रश्न टाळता येत नाही.

५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत स्त्रियांच्या एकटीच्या कनूची २०० मीटरची अंतिम शर्यत झाली. (स्पर्धा २०२० ची; महामारीमुळे एक वर्ष पुढे गेलेली.) अमेरिकेची एकोणीस वर्षांची नेव्हिन हॅरिसन पहिली आली. दुसरी आलेली कॅनडाची लॉरेन्स व्हिन्सेंट-लापॉइंट ही पॉझ्नानच्या त्या पहिल्या शर्यतीची विजेती होती. म्हणजे जिने दार उघडले ती अकरा वर्षे उंबरठ्यावर उभी होती. दोघींच्या कनूची ५०० मीटरची शर्यत चीनच्या शू शिशियाओ आणि सुन मेंगया यांनी जिंकली. स्लॅलममध्येही त्याच वर्षी स्त्रियांची कनू आली आणि ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स विजयी झाली. समतोल साधण्यासाठी पुरुषांच्या काही शर्यती कमी करण्यात आल्या. त्यात एकट्याच्या कनूची २०० मीटरची शर्यतही होती. टोकियोत वेगवान शर्यतींच्या बारा प्रकारांपैकी सहा पुरुषांचे व सहा स्त्रियांचे झाले.

येथे अनेक समीक्षक थांबले आणि समतेचे स्वागत करून मोकळे झाले. मला थांबता येत नाही. २०२४ च्या पॅरिसच्या कार्यक्रमपत्रकात दहा प्रकार होते, पाच आणि पाच. संख्या समान आहे. पण एकट्या पुरुषाच्या कनूचे अंतर १००० मीटर आणि एकट्या स्त्रीच्या कनूचे २०० मीटर. कयाकमध्येही अंतर समान नाही. तेथे पुरुष १००० आणि स्त्रिया ५०० मीटर जातात. तरीही कनूतील तफावत पाचपट आहे, आणि २०० मीटरची शर्यत त्या पत्रकात अन्यत्र कोठेही उरलेली नाही. हे केवळ अंकांचे गणित नव्हे. वर म्हटल्याप्रमाणे कनूची कला ही असममितीतून सरळ रेषा काढण्याची कला आहे. २०० मीटरमध्ये ती कला दिसते न दिसते तोच शर्यत संपते. तेथे प्रारंभाच्या स्फोटाला महत्त्व येते. १००० मीटरमध्ये प्रत्येक फटकाऱ्याची मुरड, थकव्यातही टिकवावी लागणारी दिशा आणि प्रतिस्पर्ध्याचा अंदाज घेत केलेली वेगाची वाटणी दिसून येते. ब्राझीलचा इसाकियास केइरोस टोकियोत १००० मीटर जिंकला ती शर्यत ज्यांनी पाहिली असेल त्यांना हा फरक सांगावयास नको. (त्याचे गाव उबाइताबा. त्या नावातील ‘उबा’ या तुपी शब्दाचा अर्थ होडी. नाव आणि वस्तू यांची अशी भेट या इतिहासात विरळाच.) स्त्रियांना कनू दिली, पण कादंबरी लिहिणाऱ्याला केवळ चुटक्यांची परवानगी द्यावी तशी दिली. पॅरिसच्या अंतिम शर्यतीत कॅनडाची केटी व्हिन्सेंट ४४.१२ सेकंदांत आणि हॅरिसन ४४.१३ सेकंदांत आली. एका शतांश सेकंदाचा हा निकाल रोमहर्षक होता यात शंका नाही. पण दोघींत श्रेष्ठ कनू कोणाची, याचे उत्तर त्या शतांशात सापडत नाही, आणि ते सापडावे इतके लांब पाणी त्यांना देण्यात आले नाही.

भारताचा या इतिहासाशी संबंध अल्प आहे. परंतु आहे तो कनूचाच. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत दोघांच्या कनूच्या १००० मीटर शर्यतीत आपल्याला कांस्यपदक मिळाले. त्यानंतर तसेच पदक मिळावयास २०२३ साल उजाडले. हांगझौ येथे अर्जुन सिंग आणि मणिपूरचा सुनील सिंग सलाम यांनी ते त्याच शर्यतीत मिळविले. आपल्या वृत्तपत्रांतील ‘नौकानयन’ या शब्दाने या दोन पदकांमधील एकोणतीस वर्षांचे अंतरही झाकून टाकले, कारण त्या काळात रोइंगची पदके येत होती आणि तीही त्याच शब्दाखाली जमा होत होती. अतिव्याप्त शब्द केवळ गोंधळ करीत नाही. तो उणीव लपवितो.

शेवटी, अनुवादाच्या वर्गात पुढील सत्रात पुन्हा निघणार असलेला एक शब्द. हांगझौलाच त्याच वर्षी झालेल्या आशियाई अपंग क्रीडास्पर्धेत ग्वाल्हेरच्या प्राची यादव हिने कयाकमध्ये सुवर्ण आणि ‘व्हा’आ’ या होडीत रौप्यपदक मिळविले. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये ही होडी प्रथम आली तेव्हा प्राची तिच्या अंतिम शर्यतीत होती. ‘व्हा’आ’ हा ताहितीकडील, पॉलिनेशियन शब्द आहे. या होडीच्या एका बाजूस, आडव्या दांड्यांना बांधलेले, पाण्यावर तरंगणारे लाकूड असते आणि ते तिला कलंडू देत नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी याला ‘विशेष प्रकारची नौका’ म्हटले. कोकणच्या किनाऱ्यावरचा कोणीही म्हातारा मच्छीमार ते पाहून ‘ही तर उलांडीची होडी’ असे म्हणेल, आणि सबंध पत्रकातील या एका होडीला तरी मराठीत दुसरे नाव शोधावे लागणार नाही.